नाव तिचे, निर्णय कुणाचा?

सरकारी अनुदानाविषयी आपल्या धर्मग्रामांत दोन मते हमखास कानी पडतात. पहिले मत असे, की मिळते आहे तर घ्यावे. सरकारचा पैसा म्हणजे कुणाचाच पैसा नव्हे, आपण घेतला नाही तर दुसरा कोणीतरी घेणारच. दुसरे मत अधिक ताठ कण्याचे आहे. कष्टाच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाने असल्या पैशाला शिवू नये, फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो आणि मिंधाही, असे ते सांगते. ही मते एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभी दिसतात. परंतु दोहोंच्या बुडाशी समजूत एकच आहे. अनुदान ही खिरापत आहे, असे दोघेही धरून चालतात. एकाला ती गोड लागते, दुसऱ्याच्या घशाखाली ती उतरत नाही, एवढाच काय तो फरक.

स्त्रियांच्या मालकीच्या आणि ग्रामीण भागातील लहान उद्योगांना राज्यसंस्था जे आर्थिक साहाय्य देते, त्याच्यापुरता हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. हे साहाय्य दान आहे, की देणे आहे? देणे असेल, तर ते कुणाचे कुणाला? या उत्तरावर पुढचा एक अवघड प्रश्न अवलंबून आहे आणि तो थेट आपल्या घरांतला आहे. उद्योग पत्नीच्या नावावर नोंदवावा, अनुदान तिच्या नावे घ्यावे आणि धंदा मात्र पतीने किंवा दिराने चालवावा, यात नीतीच्या दृष्टीने काही वावगे आहे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आधीच्या दोन योजना एकत्र करून २००८ साली केंद्र सरकारने पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला आणि तो राबविण्याची मुख्य जबाबदारी खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे दिली. त्याच्या नियमांनुसार सर्वसाधारण गटातील अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या १५ टक्के अनुदान शहरात आणि २५ टक्के ग्रामीण भागात ठरविण्यात आले. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक आदी विशेष गटांसाठी हे प्रमाण शहरात २५ व खेड्यात ३५ टक्के ठेवण्यात आले. अर्जदाराने स्वतः घालावयाचा हिस्साही सर्वसाधारण गटाला १० टक्के, तर विशेष गटाला ५ टक्केच. खेड्यातील एखाद्या स्त्रीने मसाले-लोणच्यांचा १० लाख रुपयांचा उद्योग उभारला, तर साडेतीन लाखांचे अनुदान, ५० हजार तिचे स्वतःचे आणि उरलेले बँकेचे कर्ज, असा हा हिशेब होतो. त्या विशेष गटात अल्पसंख्याक या नात्याने आपल्या समाजातील पुरुषही येतात, हे ध्यानात ठेवलेले बरे. ‘त्या लोकांना सरकार सवलती देते’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘त्या लोकांत’ आपणही असतो.

याखेरीज, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, अनुदानाची तरतूद झाली आणि बचत गटांतील अन्नप्रक्रिया करणाऱ्या सभासद स्त्रियांसाठी प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंतचे बीजभांडवल ठेवले गेले. स्त्रियांसाठी अशी वेगळी तरतूद का करावी लागते, याचे उत्तर अनुकंपा हे असेल, तर दुसऱ्या मताचे लोक बरोबर आहेत. पण ते उत्तर तसे नाही.

वसईच्या वाड्यांतील आपल्या आया-आज्यांनी भाजी, फुले आणि केळी डोक्यावर घेऊन मुंबईचे बाजार गाठले. गिऱ्हाईक ओळखणे, भाव बांधणे, नासणारा माल वेळेत खपविणे, उधारी लक्षात ठेवणे, या गोष्टी त्यांना कुणी शिकविण्याची गरज नव्हती. धंद्याची अक्कल त्यांच्यापाशी होती. नव्हते ते तारण. बँकेचा अधिकारी कर्जाचा अर्ज हाती घेतो, तेव्हा तो हुशारीआधी सातबारा मागतो, घराचा उतारा मागतो. आणि आयुष्यभर ज्या वाडीला तिने पाणी घातले, त्या वाडीच्या सातबाऱ्यावर बहुधा तिचे नाव नसते.

येथे कायद्याला दोष देता येत नाही. भारतीय वारसा कायदा १९२५ सालचा आहे. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती पिता निवर्तला, तर त्याच्या मुलांत आणि मुलींत हा कायदा भेद करीत नाही. मुलगी व मुलगा यांचा वाटा सारखा. केरळमध्ये जुन्या संस्थानी कायद्यामुळे ख्रिस्ती मुलींना हा समान वाटा नाकारला जात असे. मेरी रॉय यांच्या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तोही अडसर दूर केला. आपल्याकडे तो अडसर नव्हताच. आपल्याकडे आहे ते हक्कसोड पत्र. वडिलांच्या पश्चात काही महिन्यांनी बहिणींना बोलावून घेतले जाते, जेवण होते आणि निबंधकाच्या कार्यालयात त्यांच्या सह्या होतात. ‘माहेर तुटेल’ हे वाक्य कुणी उच्चारावेही लागत नाही. काही बहिणी मनापासून सोडतात. त्यांच्या औदार्याविषयी आदरच वाटतो. परंतु ज्या देण्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नव्हती, त्याला दान म्हणता येत नाही, हे नीतिशास्त्राचे अगदी प्राथमिक तत्त्व आहे. अशा रीतीने माहेरची जमीन भावांच्या नावे राहते, सासरची जमीन पतीच्या नावे असते, आणि दोन घरांच्या मधोमध उभी असलेली स्त्री बँकेच्या दृष्टीने निःसंपत्तिक ठरते.

न्यायाचा विचार करताना अॅरिस्टॉटलने आणि त्याच्या मागोमाग संत थॉमस अक्वायनस यांनी दोन प्रकार वेगळे केले. देवघेवीतला न्याय एक. त्यात घेतले तेवढे परत करावयाचे असते. वितरणातला न्याय दुसरा; त्यात सामाईक संपत्तीचा वाटा प्रत्येकाला त्याच्या स्थितीच्या प्रमाणात द्यावयाचा असतो. स्त्रियांच्या उद्योगाला मिळणारे जादा अनुदान सहसा दुसऱ्या प्रकारात घातले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात पहिल्या प्रकाराचाही अंश आहे, असे मला वाटते. जे तारण तिच्यापाशी असावयास हवे होते आणि कुटुंबाच्या रीतीभातींनी तिच्याकडून काढून घेतले, त्याची अल्पशी भरपाई सार्वजनिक तिजोरी करीत असते. नैतिक ईश्वरशास्त्र ज्याला परतफेडीचे कर्तव्य म्हणते, ते येथे राज्यसंस्था घरच्यांच्या वतीने पार पाडते. म्हणून हे अनुदान दान नव्हे; ते देणे आहे, आणि मूळ देणेकरी सरकार नसून आपली घरे आहेत.

खेड्यांविषयीही असेच म्हणता येईल. खेड्याने शहराला धान्य दिले, दूध दिले, पाणी दिले, तरुण मनुष्यबळ दिले. खेड्यातील बँकशाखांत जमलेल्या ठेवी शहरातील कर्जांना उपयोगी पडल्या. त्यातला काही भाग अनुदानाच्या वाटेने परत येत असेल, तर त्यात उपकार कसला? मात्र ‘ग्रामीण’ या शब्दालाही व्याख्या आहे. या रोजगार कार्यक्रमात २०२२ साली झालेल्या बदलानुसार पंचायत राज्य संस्थांच्या हद्दीतील क्षेत्र ग्रामीण आणि नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीतील क्षेत्र शहरी धरले जाते. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. तिच्या हद्दीत येणारे गाव, विहिरी-वाड्या शाबूत असूनही, या हिशेबात शहरच ठरते. ही व्याख्या कुणाला जाचक वाटेल आणि तसे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे; पण म्हणून दूरच्या खेड्यातील नातलगाचा पत्ता अर्जावर घालून शहरात दुकान मांडणे क्षम्य ठरत नाही. ज्या खेड्यासाठी तो पैसा निघाला, त्या खेड्यात त्यामुळे एकही चूल पेटत नाही.

साहाय्याला इंग्रजीत सबसिडी म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘सुब्सिदियुम’वरून आला आहे. रोमन सैन्यात आघाडीच्या फळ्यांच्या पाठीमागे जी राखीव तुकडी सज्ज असे, तिला हे नाव होते. आघाडी डगमगू लागली, की ती पुढे येई. आघाडीला बाजूला सारून तिच्या जागी लढणे हे तिचे काम नव्हते. पोप पायस अकरावे यांनी १९३१ सालच्या आपल्या सार्वत्रिक पत्रात याच मुळापासून निघालेले तत्त्व मांडले: लहान समूहाला जे स्वतः करता येते, ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून काढून घेऊ नये, मोठ्याने लहानाला पाठबळ द्यावे, त्याला गिळून टाकू नये. वर सांगितलेल्या रोजगार कार्यक्रमात अनुदानाची रक्कम उद्योजिकेच्या हाती रोख पडत नाही. ती तिच्या कर्जखात्याच्या पाठीशी बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. उद्योग खरोखर चालू असल्याची खात्री झाल्यावर ती कर्जात वळती होते. नियम करणाऱ्यांच्या मनात रोमन सैन्य नसेल. परंतु राखीव तुकडीची कल्पना याहून नेमकी अमलात आणता आली नसती. लढावयाचे तिने, पाठीशी उभे राहावयाचे समाजाने.

‘फुकटच्या पैशाने माणूस बिघडतो’ या आक्षेपाला या तत्त्वाच्या प्रकाशात उत्तर देता येते. आक्षेप पोकळ नाही. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकास गटांत लागू झाला. लहान शेतकऱ्याला खर्चाच्या एक चतुर्थांश, सीमांत शेतकऱ्याला व शेतमजुराला एक तृतीयांश, आदिवासी कुटुंबाला निम्मे असे अनुदान त्यात होते. पण वर्षाअखेरीस मोजले जाई ते ‘किती कुटुंबांना लाभ दिला’ एवढेच. त्यामुळे कागदावर म्हशी वाढल्या, गोठ्यात त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. दलालांचे मात्र फावले. १९८२ साली स्त्रियांच्या गटांसाठी त्याच कार्यक्रमात वेगळी योजना जोडली गेली, १९९९ साली या सर्वांचे एकत्रीकरण झाले, आणि २०११ साली राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले आणि त्या अभियानात गटांना वस्तुखरेदीसाठी एकरकमी अनुदान देण्याची रीतच सोडून देण्यात आली. तिच्या जागी गटाला फिरता निधी आणि कर्जाच्या व्याजात सवलत आली. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या चोख नोंदी या पाच गोष्टी गटाने प्रथम पाळावयाच्या, मग पैसा. तीस वर्षांच्या या वाटचालीतून निघालेला निष्कर्ष असा, की अनुदानाने माणूस बिघडत नाही. ज्या अनुदानात घेणाऱ्याला काही ठरवावेच लागत नाही, त्याने तो बिघडतो.

याच्या उलट बाजूला लिज्जत पापडाचा इतिहास आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. धंद्यात तोटा आला तरी कुणाकडून देणगी घ्यावयाची नाही, असा त्यांचा निश्चय होता. याच संस्थेला १९६६ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली आणि खेळते भांडवल पुरविले. ते त्यांनी घेतले. या दोन गोष्टींत विसंगती नाही. देणगीने त्या कुणाच्या तरी आश्रित झाल्या असत्या. मान्यतेसह आलेल्या भांडवलाने त्या मालकिणीच राहिल्या. संस्थेची सभासद व्हावयाची ती फक्त बहीण. पुरुष पगारी नोकर असू शकतो, भागीदार नाही. साहाय्य घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न त्यांनी एकाच कसोटीवर सोडविला, असे दिसते: निर्णय आपल्या हाती राहतो की नाही?

हीच कसोटी आता आपल्या घरातल्या प्रश्नाला लावू. ‘फादर, नवरा-बायकोत माझे-तुझे काय? चूल एक, मिळकत एक. नाव तिचे लागले काय आणि माझे लागले काय!’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो लबाडीचा आहे असे मी म्हणणार नाही. विवाहाने दोघे एक होतात, हे तर आम्ही वेदीसमोर उच्चारतो. पण हे एकत्व दोन्ही दिशांनी चालले पाहिजे. नावाने काहीच फरक पडत नसेल, तर वाडीच्या सातबाऱ्यावर तिचे नाव का नाही? नव्या सदनिकेच्या करारात का नाही? संपत्तीच्या कागदावर नाव महत्त्वाचे, आणि अनुदानाच्या कागदावर मात्र बिनमहत्त्वाचे, असे एकाच घरात दोन न्याय कसे चालतील? शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून शेतकऱ्यांना जमीन पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले, तेव्हा गावोगावच्या कितीतरी शेतकऱ्यांनी तसे केले. नाव पोकळ असते, तर ते करण्यात त्याग कसला होता?

नावाचा असा वापर होतो, तेव्हा नुकसान दोघींचे होते. एक, रांगेत तिच्या मागे उभी असलेली अनोळखी स्त्री, जिच्या अर्जापर्यंत निधी पोहोचत नाही. तिला आपण पाहत नाही, म्हणून तिचे नुकसान आपल्याला पाप वाटत नाही. दुसरी, ती पत्नी स्वतः. कर्ज तिच्या नावे आहे. हप्ता थकला तर नोटीस तिच्या नावे येईल, पतनोंद तिची बिघडेल, आणि पुढे तिला खरोखरच स्वतःचे काही उभारावेसे वाटले तर ‘तुम्ही एकदा लाभ घेतला आहे’ असे उत्तर मिळेल. जोखीम तिची आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. यात रुपयाची अफरातफर झालेली नसेल, कागद सगळे बिनचूक असतील. तरीही जे तिच्याकडून एकदा रीतीने घेतले होते आणि समाजाने तिला थोडेसे परत दिले होते, ते त्याच घराने तिच्याकडून दुसऱ्यांदा घेतले. कायद्याला न दिसणारी ही चोरी आहे, असे मी म्हणतो तेव्हा शब्द तोलूनच म्हणतो.

परंतु विषय येथे संपत नाही. संपविणे न्यायाचेही होणार नाही. नावापुरते नाव काही वेळा खरे होते. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या, तेव्हा ‘सरपंचपती’ हा नवा शब्द मराठीत रूढ झाला. बायको खुर्चीवर, कारभार नवऱ्याचा. लोक हसले. पण त्यांतल्या कित्येक स्त्रिया सही करता करता कागद वाचू लागल्या, कागद वाचता वाचता प्रश्न विचारू लागल्या. साताऱ्याच्या माणदेशात म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांची सहकारी बँक उभी राहत होती, तेव्हा प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवान्याचा अर्ज प्रथम नाकारण्यात आला. त्या स्त्रिया अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली बँक सुरू झाली. पासबुक घरी राहिले तर पैसा आपला राहणार नाही, ही त्या स्त्रियांची भीती बँकेने थट्टेवारी नेली नाही. त्यांच्या दारी जाऊन व्यवहार करण्याची सोय तिने केली. अधिकार आधी कागदावर येतो आणि मग हातात येतो, असे पुष्कळदा घडते. मात्र तो हातात येण्यासाठी वाट मोकळी ठेवावी लागते.

म्हणून ज्या घरांत पत्नीच्या वा सुनेच्या नावे उद्योग नोंदलेला आहे, त्यांनी तो बंद करावा असे मी सुचवीत नाही. त्यांनी तो खरा करावा. बँकेत ती स्वतः जाते काय? शिल्लक किती, उधारी किती, हप्ता कधीचा, हे विचारल्यावर ती न अडखळता सांगू शकते काय? नफ्याचे काय करावयाचे, हे ठरताना तिचा शब्द शेवटचा असतो काय? पती मदत करीत असेल तर उत्तमच. डिलिव्हरी त्याने करावी, यंत्राची दुरुस्ती त्याने पाहावी, हमाली दोघांनी करावी. संसार तसाच चालतो. पण मालकिणीला मदत करणे वेगळे आणि मालकिणीच्या नावाआड मालक होणे वेगळे; हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळतो, अगदी मुलांनाही. मुलगी तो कुणापेक्षाही आधी ओळखते, कारण तिला पुढे कोणत्या खुर्चीत बसावयाचे आहे ते ती तेथेच शिकत असते.

आपल्या समाजाला हे नवे नाही. सावकाराच्या विळख्यातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली वसईत सहकारी पतपेढी स्थापन केली. तिचीच पुढे बसीन कॅथलिक बँक झाली. गरिबाला हवी असते ती पत, हे त्यांनी ओळखले होते. पत म्हणजे विश्वास. शंभर वर्षांपूर्वी तो विश्वास आपण गावच्या शेतकऱ्यावर टाकला. तो आपल्या लेकीसुनांवर टाकण्याची पाळी आता आपली आहे.

अनुदानाचे अर्ज सुटतील, योजनांची नावे बदलतील. गेल्या चाळीस वर्षांत ती किती वेळा बदलली ते वर आलेच आहे. मूळ देणे मात्र आपल्या घरात आहे. वडिलांच्या मागे भावंडे वाटणीसाठी बसतील आणि हक्कसोड पत्राचा मसुदा टेबलावर येईल, तेव्हा थोरल्या भावाने तो बहिणीपुढे सरकविण्याआधी तिला विचारावे: ‘तुला तुझा वाटा हवा आहे का? हवा असेल तर सांग. माहेर तुटणार नाही.’ आणि तिचे उत्तर काय येते, हे शांतपणे ऐकून घ्यावे.